उन्हात न सुटणारं स्वेड: गाडीची आतली पॅनेलं घरी मढवताना

एप्रिल-मे महिन्यात उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डचा वरचा भाग ७० अंश सेल्सिअसच्या पुढे तापू शकतो. काचांना लागून असलेले पिलर आणि मागच्या काचेखालचा पार्सल ट्रे यांच्यावरही थेट ऊन पडतं. रात्री गाडी थंड होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तापते, आणि हे महिनोन्‌महिने चालतं. आतल्या प्लॅस्टिकच्या पॅनेलवर कृत्रिम स्वेड चढवायचं ठरवलंत, तर कापडाचा रंग निवडण्याआधी या उन्हाचा विचार करा. घरी केलेलं काम पहिल्या दिवशी बहुतेक वेळा सुंदरच दिसतं. ते चांगलं झालं की नाही, हे पहिला उन्हाळा गेल्यावर कळतं.

पॅनेल मढवायला शिलाईमशीन लागत नाही, मोठी जागा लागत नाही, आणि धीर असेल तर कुशनच्या कारागिराच्या तोडीचं काम घरात होऊ शकतं. कुठल्याही कोपऱ्यात कापड ओढून, ताणून बसवायचं नाही, एवढं एक पथ्य मात्र शेवटपर्यंत पाळावं लागतं. ताणलेलं कापड परत आखडायला बघतं. थंडीत गोंद त्याला धरून ठेवतो, उन्हात गोंद जरासा मऊ पडतो आणि कापड केसभर सरकतं. रोज केसभर सरकलं की पावसाळ्यापर्यंत खोलगट भागात फुगा आलेला असतो आणि कडा मागून सुटलेली असते. लोक दोष गोंदाला देतात. माझ्या मते तो बऱ्याचदा ताणाचा असतो, आणि उरलेल्या वेळी अस्वच्छ प्लॅस्टिकचा.

आधी कापडाबद्दल. कृत्रिम स्वेड जपानमध्ये जन्माला आलं. तोरे कंपनीतले शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये ते तयार केलं आणि तोरेनं ते अल्ट्रास्वेड या नावानं विकायला काढलं. १९७२ मध्ये तोरेच्याच भागीदारीतून इटलीत अल्कान्तारा कंपनी उभी राहिली. तिचा कारखाना उंब्रिया प्रांतात नेरा मोन्तोरो इथे आहे. अल्कान्तारामध्ये साधारण ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन असतं. हे कापड विणलेलं नसतं. दोन वेगळी पॉलिमर एकाच धाग्यात अशी ओढतात की एकाचे अतिसूक्ष्म तंतू दुसऱ्यात बुडालेले राहतात. उद्योगात यालाच समुद्र आणि बेटं म्हणतात. या धाग्यांची सुयांनी टोचून टोचून एकजीव गादी करतात, मग समुद्राचा भाग विरघळवून काढून टाकतात. मागे उरतात ती बेटं, म्हणजे रेशमाहून कितीतरी बारीक पॉलिएस्टरचे तंतू. त्यांना पॉलियुरेथेननं बांधतात, गादीचे पातळ थर कापतात आणि पृष्ठभाग घासून लव उभी करतात.

या रचनेतून आपल्या कामाच्या तीन गोष्टी निघतात. कापड विणलेलं नसल्यानं कापलेली कड उसवत नाही, त्यामुळे शिलाईशिवाय काम होतं. लवेला दिशा असते, म्हणून एकाच रंगाचे दोन तुकडे उलटसुलट लावले तर एक फिका आणि एक गडद दिसतो. आणि कापड सच्छिद्र असल्यानं पातळ गोंद आरपार जातो. तो एकदा दर्शनी बाजूला आला की तिथली लव कडक होते आणि तो डाग पुन्हा निघत नाही.

बाजारात स्वेड म्हणून मिळणारं सगळंच असं नसतं. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत, मोटारीच्या सामानाच्या दुकानांमधून चौकशी केलीत, तर स्वेड या एकाच नावाखाली तऱ्हेतऱ्हेचं कापड पुढे येईल. काही विणलेल्या पॉलिएस्टरला घासून लव काढलेलं असतं, काहींच्या पाठीला जाळीदार कापड चिकटवलेलं असतं, तर काहींच्या पाठीला पातळ फोम असतो. स्वस्त कापड वाईटच असतं असं नाही. पण घेताना तुकडा उलटा करून पाठ बघा. दोन्ही दिशांना हलकेच ओढून बघा. बहुतेक कापडं एका दिशेला जास्त देतात, आणि ज्या दिशेनं पॅनेलला जास्त वळण आहे त्या दिशेला तो लवचीकपणा यायला हवा. पांढरा रुमाल ओला करून लवेवर घासा. रंग उतरला तर ते कापड गाडीत नको, कारण घामाचे हात आणि पावसात भिजलेले कपडे तिथे रोज लागणार आहेत. मोटारीसाठी बनवलेलंच कापड मागा. गाडीच्या आतल्या साहित्यानं किती वेगानं जळावं यालाही मर्यादा घातलेल्या आहेत. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ३०२ या मानकात ती मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे. पडद्यासाठी किंवा सोफ्यासाठी विणलेल्या कापडाची अशी चाचणी झालेलीच असेल असं नाही.

लहान हॅचबॅकचे पिलर आणि चारही दारांमधले मधले तुकडे एवढं मढवायला १४० सेंटिमीटर पन्ह्याचं साधारण दीड ते दोन मीटर कापड लागतं. पहिल्यांदा करणाऱ्यानं पाव-अर्धा मीटर जास्त घ्यावं. नंतर त्याच छटेचं कापड मिळेलच असं नाही.

काय मढवायचं नाही, ते आधी ठरवा. पिलरच्या पॅनेलवर किंवा त्याच्या बटणावर एसआरएस एअरबॅग अशी अक्षरं कोरलेली असतील, तर त्या पॅनेलला हात लावू नका. त्याच्या मागे किंवा वर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. धडक बसताच ती सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते, आणि त्या क्षणी पॅनेलची कड ठरल्याप्रमाणे वाकावी किंवा बाजूला व्हावी, अशी ती बनवलेली असते. वरून कापड आणि गोंदाचा थर आला की ते गणित बिघडू शकतं. स्टिअरिंगचा मधला भाग, डॅशबोर्डवर डाव्या बाजूचं एअरबॅगचं झाकण आणि एअरबॅग असलेल्या सीटची बाहेरची कड यांनाही हेच लागू आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून चालकासमोरची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली. पण पिलरच्या बाजूला एअरबॅग आहे की नाही, हे मॉडेलवर आणि व्हेरिएंटवर अवलंबून असतं. शेजाऱ्याच्या त्याच नावाच्या गाडीवरून अंदाज बांधू नका, आपल्या गाडीची पुस्तिका उघडा.

सुरुवात दाराच्या पॅडमधल्या सपाट तुकड्यानं करावी. नंतर मधला पिलर, शेवटी पुढच्या काचेलगतचा लांब, वळणदार पिलर. छताबद्दल पुढे वेगळं सांगतो.

पॅनेल काढण्यात फारसं गूढ नाही. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि तिथे दिलेला वेळ थांबा, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत काही वेळ वीज साठून राहते. पिवळ्या रंगाचे कनेक्टर सहसा त्याच यंत्रणेचे असतात, ते ओढू नका. दाराचं रबरी बीडिंग हातानं सोडवा, झाकणांखाली दडलेले स्क्रू शोधा आणि मग नायलॉनच्या पट्टीनं क्लिपांच्या जवळ उचका. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरनं उचकलं तर प्लॅस्टिकवर कायमचे दात उमटतात. जुन्या क्लिपा तुटणारच, त्या मूठभर आधीच आणून ठेवा. दाराच्या पॅडमागे पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. काचेच्या फटीतून दारात उतरणारं पावसाचं पाणी तो आतल्या बाजूला येऊ देत नाही. तो फाटू देऊ नका आणि फाटला तर आधी नीट चिकटवा. जुन्या गाड्यांमध्ये पॅडचा मागचा भाग लाकडाच्या भुश्याच्या दाबीव पुठ्ठ्याचा असतो. तो पाणी पिऊन फुगलेला असेल, तर त्यावर स्वेड लावण्यात अर्थ नाही. आधी तो बदला.

आता पॅनेल उलटं करा आणि मागे साच्यात उमटलेली अक्षरं वाचा. दोन टोकदार खुणांच्या मध्ये पीपी, एबीएस किंवा पीपीच्या पुढे अधिक चिन्ह आणि आणखी काही अक्षरं असं लिहिलेलं असतं. पुढचं निम्मं काम या दोन-तीन अक्षरांवर ठरतं.

एबीएस गोंदाला सहज धरतं. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, धरत नाही. कुठलाही गोंद चिकटायचा तर आधी त्यानं पृष्ठभागावर पसरून तो ओला करावा लागतो, आणि पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठभागाची ऊर्जा इतकी कमी असते की बहुतेक द्रव त्यावर पसरण्याऐवजी गोळा होतात. धुऊन पुसलेल्या पॅनेलवर पाण्याचा थेंब टाकून हे घरीच बघता येतं. पिलरची पॅनेलं पुष्कळदा याच प्लॅस्टिकची असतात, कारण ते स्वस्त, हलकं आणि चिवट आहे. त्यावर नुसता गोंद लावला तर तो वाळल्यावर सालीसारखा अख्खा निघून येतो. यावर उपाय बंपर रंगवणाऱ्यांकडे आहे. बंपरही बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचेच, आणि त्यावर रंग धरावा म्हणून ते आधी प्लॅस्टिकचा खास प्रायमर मारतात. त्यात क्लोरिन जोडलेलं पॉलिओलेफिन असतं. त्याचा एक भाग पॉलिप्रॉपिलीनशी जमवून घेतो आणि दुसरा वरच्या थराशी. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात तो मिळतो. पातळ थर द्यायचा, डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्यायचा, आणि मग गोंद. पॉलिप्रॉपिलीनच्या पॅनेलवर ही पायरी गाळू नये, असं माझं ठाम मत आहे.

पण प्रायमरच्याही आधी एक शत्रू दूर करावा लागतो, तो म्हणजे डॅशबोर्डवर मारायचं चकचकीत पॉलिश. आपल्याकडे गाडी धुणारा प्रत्येक जण ते फवारतो. त्यातल्या पुष्कळांत सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉनवर ना गोंद धरत, ना रंग. बरेच जण पॅनेल हातात आलं की लगेच पॉलिश पेपरनं घासायला लागतात. त्यानं सिलिकॉन निघत नाही, उलट नव्या ओरखड्यांमध्ये शिरून बसतं. म्हणून क्रम असा ठेवा. भांड्यांचा साबण आणि कोमट पाण्यानं ब्रश मारून धुवा, पूर्ण वाळवा. मग रंगाच्या दुकानात मिळणारं मेण आणि सिलिकॉन काढणारं द्रावण एका स्वच्छ फडक्यानं लावा आणि ते सुकण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. एकाच फडक्यानं गोल गोल पुसलं तर घाण फक्त जागा बदलते. असं दोनदा केल्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर घ्या आणि दाण्यांचे उंचवटे बसेपर्यंत घासा, मग १८० नंबरचा फिरवा. खड्डे आणि जुनी भोकं प्लॅस्टिकच्या पुट्टीनं भरून सपाट करा, कारण मिलिमीटरभर जाडीच्या कापडातून खालचा प्रत्येक खड्डा दिसतो. शेवटी धूळ झटकून पुन्हा एकदा द्रावणानं पुसा. यानंतर दर्शनी बाजूला उघडं बोट लावू नका, हातमोजे घाला.

गोंदाच्या बाबतीत घाई करणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. लाकडाला लावतो तो पांढरा फेविकॉल इथे चालत नाही. तो पाण्यातला पॉलिव्हायनिल ॲसिटेट. त्याला वाळायला पाणी निघून जावं लागतं, ते प्लॅस्टिकच्या बाजूनं निघत नाही. शिवाय हे पॉलिमर तिशीच्या आसपासच्या तापमानालाच मऊ व्हायला लागतं. आपल्या गाडीत तर त्याहून जास्त तापमान सकाळी अकरा वाजताच असतं.

उपयोगाचा आहे तो रबराचा काँटॅक्ट गोंद, ज्याला कुशनवाले आणि चप्पलवाले सोल्युशन म्हणतात. त्याचा चांगला प्रकार पॉलिक्लोरोप्रीन या कृत्रिम रबराचा असतो. तो दोन्ही पृष्ठभागांवर लावायचा आणि दोन्ही वाळू द्यायचे. वाळलेले थर एकमेकांवर टेकले की रबराच्या लांब साखळ्या एकमेकींत शिरतात, मग हळूहळू स्फटिकासारखी बांधणी करतात आणि जोड घट्ट होत जातो. म्हणून पकड लगेच येते, पण पूर्ण ताकद यायला एक-दोन दिवस लागतात. गोंद ओला असतानाच कापड टेकवलं तर आतला सॉल्व्हंट अडकतो, पहिल्या उन्हात त्याची वाफ होते आणि बुडबुडे येतात. किती थांबायचं, याचं उत्तर डब्यावर असतं, बहुधा दहा ते वीस मिनिटं. खरी खूण बोटाच्या पेरावर मिळते. पेर टेकवल्यावर चिकट लागलं पाहिजे, पण उचलल्यावर गोंदाचा धागा निघता कामा नये.

फवाऱ्याचा गोंद सोपा वाटतो आणि कापडावर सारखा पातळ बसतो, म्हणून सपाट भागासाठी मला तो आवडतो. मात्र कागद-पुठ्ठ्याच्या हस्तकलेचा फवारा घेऊ नका. गाडीच्या छतासाठी आणि पॅनेलसाठी बनवलेला, डब्यावर उष्णतेचा आकडा लिहिलेला घ्या. ब्रशनं गोंद लावायचा झाला तर प्लॅस्टिकवर ब्रश चालेल, पण कापडाच्या पाठीवर दाट गोंद प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडल्यासारखा अगदी पातळ ओढा. पहिला थर सच्छिद्र पाठ बुजवतो, तो सुकला की दुसरा थर पकड देतो. प्लॅस्टिकवरही दोन पातळ थर द्या. एक जाड थर दोन पातळ थरांची बरोबरी कधीच करत नाही.

हवेचाही विचार करा. सॉल्व्हंट उडून जाताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातो आणि गोंदाचा थर आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतो. मुंबईत किंवा कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतका ओलावा असतो की त्या थंड थरावर दव धरतं. डोळ्यांना तो थर किंचित दुधाळ दिसतो, आणि दोन थरांच्या मध्ये पाण्याचा पडदा आला की ते एकमेकांना धरत नाहीत. महाराष्ट्रात या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी दुपार सगळ्यात चांगली. पावसाळ्यात करावंच लागलं तर गोंद दुधाळ झाल्यावर कापड टेकवू नका, हेअर ड्रायरच्या कोमट हवेनं तो पुन्हा पारदर्शक होऊ द्या.

हा सॉल्व्हंट ज्वालाग्राही असतो आणि त्याच्या वाफा हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरतात. टोल्युइनसारखी रसायनं त्यात असतात. बाल्कनीत किंवा अंगणात काम करा, आणि स्वयंपाकघरातला गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅसचा गिझर हे सगळं बंद आहे याची खात्री करा. कापडी किंवा कागदी मास्क या वाफा अडवत नाही. रंगकाम करणारे वापरतात तो कोळशाच्या डबीचा मास्क लागतो. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवलेलं बरं.

सगळं काम करण्याआधी एक चाचणी घ्या, आणि ती टाळू नका. तळहाताएवढा कापडाचा तुकडा त्याच तयारीनं, त्याच गोंदानं पॅनेलच्या न दिसणाऱ्या भागावर चिकटवा. दोन दिवस पिकू द्या. मग ते पॅनेल काचा बंद केलेल्या गाडीत डॅशबोर्डवर ऊन पडेल असं दोन-तीन दुपारी ठेवा आणि गरम असतानाच कोपरा धरून ओढा. कापडाच्या पाठीचे तंतू गोंदावर राहून कापड फाटायला लागलं, तर पकड उत्तम. गोंद प्लॅस्टिकवरून अख्खा निघाला तर सफाई किंवा प्रायमर कमी पडला. गोंद दोन्हीकडे राहून मध्ये तारांसारखा ओढला गेला तर तो उष्णतेला टिकणारा नाही, दुसरा आणा. इतकी खात्रीची माहिती कुठल्याही दुकानदाराकडून मिळणार नाही.

कापताना नेमका साचा काढायची गरज नाही. पॅनेलच्या चारी बाजूंना चार-पाच सेंटिमीटर जास्त राहील असा आयत कापा. त्याआधी लवेवरून हात फिरवा. ज्या दिशेला ती बसते त्या दिशेचे बाण खडूनं कापडाच्या पाठीवर सगळीकडे काढा. पिलरवर लव वरून खाली, दारांवर पुढून मागे, असा जो नियम ठरवाल तो डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना पाळा. डावं आणि उजवं पॅनेल एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, त्यामुळे कापड उलटून कापायची चूक फार सहज होते. बाण बघूनच कात्री चालवा.

आता मुख्य काम. पॅनेल आडवं ठेवा आणि त्यात खोलगट भाग कुठे आहे ते बघा. कापडाचा पहिला स्पर्श तिथे व्हायला हवा. दाराच्या पॅडला हाताच्या मुठीजवळ खळगा असेल, तर कापड आधी त्या खळग्याच्या तळाशी टेकवा, बोटांनी दाबा आणि तिथून उंच भागाकडे या. उलट केलंत, म्हणजे दोन्ही उंच कडा आधी चिकटवून मध्ये कापड दाबलंत, तर ते खळग्यावर तंबूसारखं ताणलं जातं. दाबल्यावर ते चिकटेलही, पण सुरुवातीला सांगितलेला ताण तुम्ही आत कोंडलेला असेल. कापड पुरत नाही असं वाटलं, तर ते ओढू नका. उचला, बाहेरून जास्तीचं कापड आत सरकू द्या आणि पुन्हा बसवा. यासाठी एका वेळी सगळं पॅनेल उघडं न ठेवता मध्ये बटर पेपर घाला. वाळलेला गोंद त्याला धरत नाही, आणि इंच इंच कागद मागे ओढत पुढे जाता येतं.

उंच, गोलाकार भागावर थोडी ऊब मदत करते. हेअर ड्रायर पुरेसा आहे. हीट गन वापरलीत तर ती सतत हलती ठेवा, कारण पॉलिएस्टर वितळायच्या पुष्कळ आधी लवेची टोकं चकाकायला लागतात आणि ती चकाकी जात नाही. ऊब देऊन कापड वळणावर बसवलं की हाताखालीच थंड होऊ द्या. गरम असताना ते ज्या आकारात दाबून धरलं, त्या आकारात थंड झालं तर मागे आखडण्याची ओढ खूप कमी होते. दाब तळव्यानं, लवेच्या दिशेनं द्या. नखांनी किंवा कडक पट्टीनं दाबलं तर लवेवर रेघा उमटतात.

कोपरे दोन प्रकारचे असतात. बाहेर आलेल्या गोल कोपऱ्यावर कापड जास्त होतं. तिथे ते एकाच मोठ्या चुणीत गोळा न करता सात-आठ बारीक चुण्यांत वाटून कडेच्या मागे न्या आणि मागच्या बाजूला प्रत्येक चुणीचं जास्तीचं टोक इंग्रजी व्ही अक्षरासारखं कापून सपाट करा. आत गेलेल्या कोपऱ्यावर कापड कमी पडतं, म्हणून तिथे छेद द्यावा लागतो. हा छेद दर्शनी कडेच्या तीन-चार मिलिमीटर अलीकडे थांबला पाहिजे. पुढे गेला तर प्लॅस्टिक उघडं पडतं. कटरचं पातं दर पॅनेलला नवं घ्या.

कडा मागे दीड-दोन सेंटिमीटर वळवून चिकटवा, त्याहून जास्त नको. क्लिपांच्या बैठकीजवळचं कापड पूर्ण कापून टाका. कापडाची जाडी मिलिमीटरभरच असली तरी पॅनेल जिथे दुसऱ्या पॅनेलमध्ये घुसतं तिथे ती दोन्ही बाजूंनी वाढते आणि पॅनेल बसेनासं होतं. मग जोर लावून क्लिपा मोडतात. बीडिंगखाली जाणारी कड मात्र तशीच राहू द्या, रबर तिला वर्षानुवर्षं दाबून ठेवतं.

मधल्या पिलरवर सीटबेल्टची फट असते. तिथे कापडाला मधोमध छोटा छेद देऊन टोकं आत वळवा आणि पॅनेल बसवल्यावर बेल्ट दहा-बारा वेळा ओढून सोडून बघा. तो कुठेही न अडता पूर्ण आत गेला पाहिजे. उंची बदलायचा सरकता भागही वर-खाली सहज झाला पाहिजे. यात जरा जरी शंका आली, तर ते पॅनेल उघडून पुन्हा करा.

मढवलेलं पॅनेल किमान एक दिवस सावलीत, मोकळ्या हवेत ठेवा. गाडीत बसवल्यावर पुढचे तीन-चार दिवस शक्यतो सावलीत उभी करा आणि काचा बोटभर खाली ठेवा, म्हणजे उरलेला वास निघून जाईल.

छताचं अस्तर हे वेगळंच काम आहे. दहा-बारा वर्षांच्या गाडीत छताचं कापड लोंबायला लागतं ते गोंद सुटल्यानं नव्हे. कापडाच्या पाठीला पॉलियुरेथेनचा फोम असतो, उष्णता आणि हवेतला ओलावा यांनी त्याच्या साखळ्या तुटतात आणि तो पिवळ्या भुकटीसारखा झडतो. त्या भुकटीवर कितीही चांगला गोंद मारला तरी तो भुकटीलाच चिकटतो. त्यासाठी छताचा पूर्ण साचा दारातून न मोडता बाहेर काढावा लागतो, फोमचा कण न् कण घासावा लागतो आणि पाठीला फोम असलेलं नवं कापड दोघांनी मिळून सरळ रेषेत पसरावं लागतं. पहिल्याच खेपेला हे करू नका, कुशनवाल्याकडे द्या. देताना जुना फोम पूर्ण काढणार का आणि कुठला गोंद वापरणार, एवढं मात्र विचारा.

स्वेडची निगा साधी आहे. आठवड्यातून एकदा मऊ ब्रश लवेच्या दिशेनं फिरवा. डाग पडला तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या पांढऱ्या फडक्यानं कडेकडून मध्याकडे टिपा, चोळू नका, आणि वाळल्यावर पुन्हा ब्रश करा. गाडी धुणाऱ्याला मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की या पॅनेलवर पॉलिशचा एक फवाराही मारायचा नाही.